पहिली कुऱ्हाड घडवताय? आधी नेढ्याकडे बघा

नवीन माणूस कुऱ्हाड घडवायला बसला की त्याचा सगळा जीव धारेत अडकलेला असतो, पातं किती रुंद ठेवायचं, पाणी कसं द्यायचं (म्हणजे धार तापवून एकदम गार करून कडक कशी करायची) वगैरे, आणि नेढं म्हणजे काय तर दांड्याचं भोक, ते पाडू कसंतरी. उलटं आहे हो. धार नंतर कधीही सुधारता येते, पाणी कमी बसलं तर परत देता येतं, पण नेढं एकदा तिरकं गेलं की ती कुऱ्हाड तिरकीच पडणार, प्रत्येक घावाला मनगटात पिळा बसणार, आणि त्यावर नंतर फारसा इलाज नाही. म्हणून खाली नेढ्यावरच जास्त लिहिलंय, बाकीचं त्यामानाने पटपट.

करायची काय तर एका हाताने चालवायची छोटी कुऱ्हाड, डोकं पाऊण किलोच्या आसपास, सरपण फोडायला आणि बागेतून काढलेले द्राक्षाचे बुंधे तोडायला पुरेल अशी. मोठी दोन हाती कुऱ्हाड पहिल्यांदा नको, तेवढं लोखंड आतपर्यंत तापवायला भट्टी मोठी लागते आणि घण मारायला दुसरा माणूस. जुनी पद्धत अशी की नरम लोखंडाची पट्टी दुमडून नेढं करायचं आणि धारेच्या जागी पोलादाचा तुकडा घालून भट्टीच्या उष्णतेवरच जोड मारायचा. बघायला भारी वाटतं, पण तो जोड नवशिक्याचा सहसा धरत नाही, वरून चिकटल्यासारखा दिसतो आणि आत फट राहते. त्यामुळे आपण एकाच तुकड्यातून करू, नेढं सुंब्याने, म्हणजे भोक पाडायच्या पोलादी हत्याराने, पाडून.

मालाच्या बाबतीत नाशिककर सुखी आहेत. सातपूर-अंबडच्या बाजूला स्टीलवाल्यांकडे ईएन ९ चा (हा पोलादाचा एक ग्रेड) ३२ एमएम चौकोनी बार मागायचा, ऑफकट असेल तर अजून स्वस्त. ईएन ९ मध्ये कार्बन साधारण ०.५० ते ०.६० टक्के असतो, कुऱ्हाडीला तेवढा बरोबर. ईएन ८ मध्ये ०.४० च्या आसपास, घडवायला सोपं पण धार लवकर बोथट होते, आणि साधं एमएस (माइल्ड स्टील, नरम लोखंड) तर पाणी धरतच नाही, त्याचं फक्त शोपीस होईल. ट्रकचा जुना कमानपाटा फुकट मिळतो म्हणून बरेच जण तो उचलतात, पोलाद चांगलं आहे पण जाडी कमी, त्यात नेढं कुठे पाडणार, त्याचा कोयता करा. ट्रकचा ॲक्सल चालेल पण ग्रेड माहीत नसतो, तेव्हा आधी छोटा तुकडा कापून लाल करून पाण्यात बुडवायचा आणि व्हाइसमध्ये धरून हातोडा मारायचा (चष्मा लावून). काचेसारखा कटकन तुटला तर कार्बन आहे, नुसता वाकला तर सोडून द्या. अजून एक, जस्ताचा मुलामा दिलेलं काहीही भट्टीत घालायचं नाही, नटबोल्टसुद्धा नाही, त्याच्या धुराने माणूस आजारी पडतो.

३२ च्या बारचा ११० एमएम तुकडा साधारण ८८० ग्रॅम भरतो, खपली (तापवल्यावर वरून सुटणारा काळा पापुद्रा) आणि ग्राइंडिंग जाऊन हवं तेवढं डोकं उरतं. पण तो आधीच कापू नका!! ४०० एमएमचा बार तसाच ठेवा, एक टोक भट्टीत, दुसरं हातात, म्हणजे नेढं होईपर्यंत सांडशीची कटकटच नाही. हातातलं टोक तापायला लागलं की तेवढंच बादलीत बुडवायचं.

जागा. इंदिरानगरच्या फ्लॅटच्या टेरेसवर हे जमणार नाही, पहिल्या दहा मिनिटांत सेक्रेटरी वर येईल. मखमलाबाद, गंगापूर अशा बाजूला कोणाच्या मळ्यात शेड असेल तर उत्तम, आणि शेड हवीच, कारण उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही, नारिंगी झालेलं पण काळपट दिसतं आणि माणूस अजून तापवत बसतो. भट्टीसाठी ट्रकचा जुना ब्रेक ड्रम घ्या, खालून पाइप, पाइपला छोटा ब्लोअर, वर लाकडी कोळसा. दगडी कोळसा कमी लागतो पण धूर फार. गॅसची भट्टी करायची तर कमर्शियल सिलिंडर, घरगुती नाही. ऐरण म्हणजे ३०-४० किलोचा कुठलाही भरीव ठोकळा चालतो, जाड ओंडक्यावर घट्ट बसवा, उभं राहून मूठ खाली सोडली की बोटांची पेरं जिथे येतात ती उंची. हातोडा एक-सव्वा किलोचा, त्याहून जड घेतलात तर अर्ध्या तासात खांदा जातो आणि मग घाव वाकडे पडतात. कपडे सुती, नायलॉन-पॉलिस्टर अंगावर नको, चामड्याचे बूट, चष्मा. शेजारी पाण्याची आणि वाळूची बादली.

आता सुंबे. दोन लागतात. पहिला भोक पाडायचा, टोक साधारण ८ बाय २० एमएम, लांबट, आणि त्याचे चारही कोपरे गोल केलेले. कोपरे टोकदार ठेवले तर नेढ्याच्या कोपऱ्यातून चीर सुरू होते आणि ती पाणी देताना उघडते. दुसरा नेढं मोठं करायचा, अंडाकृती आणि निमुळता, बारीक टोक पहिल्या भोकात जाईल एवढं आणि जाड बाजू १८ बाय ३० एमएम. हा दुसरा घाई न करता नीट घासून गुळगुळीत करा, नेढ्याचा आतला आकार म्हणजे याचाच छाप. दोन्ही ईएन ८ चे किंवा ॲक्सलचे केले तरी चालतात. डोक्याला घाव बसून बसून कडा फुलतात त्या ग्राइंडरने काढत राहा, तिथूनच कपचा उडून डोळ्यात जातो.

बार थंड असतानाच खुणा करायच्या. टोकापासून २५ एमएम सोडा, तो मागचा तुंबा. त्याच्या पुढे २२ एमएम लांबीचं नेढं, बरोबर मधोमध, वरच्या आणि खालच्या दोन्ही अंगांना. खडूने नको, खडू भट्टीत जातो, सेंटर पंचने चांगले खोल टिंब मारा. दोन्हीकडच्या खुणा समोरासमोर आहेत का ते काटकोन लावून बघा, इथे १ एमएमचा फरक म्हणजे दांड्याच्या टोकाला चांगला दिसेल एवढा फरक.

बार पिवळसर नारिंगी होईपर्यंत तापवा, ठिणग्या उडायला लागल्या तर लोखंड जळतंय, तो भाग गेला. बाहेर काढून ऐरणीवर ठेवा, सुंबा खुणेवर सरळ उभा धरा आणि पहिला घाव हळू. उचलून बघा, छाप मधोमध आहे का, नसेल तर आत्ताच सरकवा, खोल गेल्यावर सरकत नाही. मग ३-४ जोरात, सुंबा बाहेर, पाण्यात बुडवून गार, भोकात चिमूटभर कोळशाची भुकटी, परत ३-४. भुकटीने सुंबा अडकत नाही. सुंबा लाल झाला तर तो स्वतःच आत चेपतो आणि मग काढायला दुपार जाते, त्यामुळे घाव मोजा, लोभ करू नका. रंग लालवर उतरला की थांबायचं आणि परत भट्टीत. दर वेळी दोन बाजूंनी बघायचं, समोरून आणि कडेने, सुंबा दोन्हीकडून उभा दिसला पाहिजे. एकट्याला बार सांभाळता येत नसेल तर बार स्टँडवर टेकवा.

अर्ध्याच्या बराच पुढे गेलात की हाताला फरक कळतो, घाव ठणठणीत लागायला लागतो कारण आता खाली ऐरण आहे. बार पटकन उलटा करा. लाल पृष्ठभागावर सुंब्याच्या आकाराचा काळपट डाग दिसेल, तिथलं लोखंड सुंब्याने आणि ऐरणीने गार केलेलं असतं. डाग दोन-चार सेकंदच दिसतो. तो आणि तुमची खुण एकमेकांवर आले तर नेढं सरळ चाललंय. त्या डागावर सुंबा ठेवून इकडून मारा, शेवटी ऐरणीच्या भोकावर किंवा भोक असलेल्या जाड प्लेटवर धरून एक घाव, आणि मधली गुठळी खाली पडते. डाग जरा कडेला दिसला तर खुण आणि डाग यांच्या मधोमध धरा, थोडाफार फरक दुसऱ्या सुंब्याने निघतो. जास्त असेल तर सरळ तेवढं टोक कापून बारवर नव्याने सुरू करा, म्हणून तर बार लांब ठेवला.

मग अंडाकृती सुंबा, परत चांगल्या तापावर. वरून थोडा, उलटून खालून थोडा, असं दोन्हीकडून, म्हणजे नेढं मधे किंचित अरुंद आणि दोन तोंडांना रुंद होतं. हे मुद्दाम आहे, दांडा खालून घालून वरून पाचर मारली की लाकूड वर फुलतं आणि डोकं निसटत नाही. सुंबा आत असतानाच दोन्ही गालांवर, म्हणजे नेढ्याच्या दोन बाजूंच्या भिंतींवर, हातोडा चालवा, गाल ७-८ एमएम जाडीवर येऊ द्या, दोन्हीकडे सारखे. तुंब्यावर फार ठोकू नका, नेढं आखूड होतं.

मदतनीस असेल तर काम अर्ध्यावर येतं. रस्त्याकडेला पाल टाकून घिसाडी किंवा गाडिया लोहार कुटुंब काम करताना दिसलं तर काहीतरी विकत घ्या आणि निवांत बघत उभे राहा. सांडशी धरलेला माणूस छोट्या हातोडीने जागा दाखवतो आणि समोरची बाई घण बरोबर तिथेच घालते, बोलणं जवळपास नाहीच. मदतनिसाबरोबर तुमचंही असंच आधी ठरलेलं असू द्या, हातोडी नुसती ऐरणीवर वाजली की घण थांबला पाहिजे.

नेढं झालं की बार ११० एमएमवर कापा आणि आता तुंब्याकडून सांडशीत धरा. पकड ढिली असेल तर सांडशीचे ओठ तापवून डोक्याच्या मापाचे करून घ्या, तापलेलं पाऊण किलो लोखंड पायावर पडणं ही गंमत नाही. नेढ्याच्या लगेच पुढे वरून-खालून २० एमएमची गोल सळई ठेवून ठोका, मान तयार होते. मग पातं. आधी पाचरीसारखं निमुळतं करा आणि नंतर हातोड्याच्या चोचीने (मागच्या निमुळत्या बाजूने) पसरवा, चोच बारच्या लांबीला समांतर धरली की लोखंड रुंदीला पळतं, आडवी धरली की लांबीला. ७०-७५ एमएम रुंदी पुरे. दोन्ही बाजूंनी सारखे घाव, नाहीतर पातं केळ्यासारखं वळतं. धारेची जाडी ३ एमएमच्या खाली नेऊ नका, पातळ कड भट्टीत जळते आणि पाणी देताना वाकते.

घडवून झालं की लोहचुंबक चिकटणं बंद होईल एवढंच तापवून (ते साधारण ७७० अंशांना होतं) हवेत काळं होऊ द्या, असं तीनदा. आतला ताण निघतो. मग ग्राइंडरने आकार, धारेला अजून २ एमएम जाडी ठेवून.

पाणी देणं म्हणतो आपण, पण इथे तेल वापरा, पाण्यात ईएन ९ ची पातळ कड तडकू शकते. साधं सोयाबीन तेल ४ लिटर, पत्र्याच्या डब्यात, झाकणासकट, आणि ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून. डिसेंबरातल्या नाशिकच्या सकाळी तर कोमट करायचंच, गार तेल घट्ट असतं आणि उष्णता हळू ओढतं. जुनं इंजिन ऑइल नको, धूर घाणेरडा. फक्त धारेकडचा ३० एमएम भाग एकसारखा तापवा, चुंबक सुटला की अजून थोडंसं, नारिंगी-लाल, आणि २५ एमएम बुडवून पुढे-मागे हलवा, आडवं नाही. तेलाने पेट घेतला तर झाकण टाका, पाणी चुकूनही नाही. गार झाल्यावर धारेवर कानस फिरवा, घसरली तर पाणी बसलं, पकडली तर परत तापवा. नेढं आणि तुंबा मऊच राहू द्यायचे, कडक नेढं घावाने फुटतं.

आता ही धार काचेसारखी ठिसूळ आहे, तशीच वापरायची नाही, उद्यावर पण टाकायची नाही. तेल पुसून ओटीजीमध्ये (घरातल्या छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये) २५० अंशांवर एक तास, गार करून परत एक तास, यालाच टेम्परिंग म्हणतात. ओटीजी नसेल तर पातं दगडाने चकचकीत घासा आणि तुंब्याकडून मंद तापवा, रंग धारेकडे सरकत येतात, आधी पिवळट, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. धारेवर तपकिरी-जांभळा आला की लगेच गार करा.

धार कानशीने आणि कुरुंदाच्या दगडावर, दोन्ही बाजू मिळून २५-३० अंश. ग्राइंडर लावलाच तर बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात, निळी पडली की तेवढं पाणी उतरलं. दांडा धावडा किंवा बाभळीचा, पूर्ण वाळलेला, आणि टोकाकडून बघितल्यावर लाकडाच्या रेषा पात्याला समांतर हव्यात. दांडा भिजवून घट्ट करायची सवय काहींना असते, सुकला की परत ढिला. त्यापेक्षा नीट तासून, वरून लाकडी पाचर मारून जवसाचं तेल लावा.

पहिले घाव गाठ नसलेल्या लाकडावर. धारेचा टवका उडाला तर टेम्परिंग कमी झालंय, अजून वीसेक अंश वाढवून एक तास द्या. धार मुडपली तर पाणीच कमी बसलंय, चुंबकापासून परत सुरू करा. आणि सुरुवातीला दर वेळी वापरायच्या आधी पाचर बघा, नवं लाकूड आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात अजून आक्रसतं, तेव्हा ती थोडी आत ठोकावीच लागते.