बर्गर उद्याचा, तयारी आजची

कडधान्याचा बर्गर तव्यावर फुटला की आपण तव्याला, तेलाला नाहीतर स्वतःच्या हाताला बोल लावतो. मी इतके फोडले आहेत की आता छातीठोक सांगते, खोट आदल्या दिवशीची असते आणि जवळजवळ दर वेळी ती पाण्याची असते. दाण्यात मुरलेलं पाणी, भातातलं पाणी, कांद्याला सुटलेलं पाणी. त्यामुळे ही यादी साहित्य जमवण्याची थोडी आणि पाणी हुसकावण्याची जास्त झाली आहे. माप सहा बर्गरचं आहे.

आदल्या दिवशी सकाळी, किंवा त्याच्या आदल्या रात्री झोपण्याआधी, एक कप कोरडा राजमा भिजत घाला. हे साधारण 185 ग्रॅम भरतं आणि शिजल्यावर अडीच कपांच्या आसपास जातं. लाल राजमा चालतो, काळा राजमा माझ्या मते बर्गरला अधिक शोभतो: रंग गडद येतो आणि चव मातकट, भरीव लागते. छोले घेतले तर मिश्रण भुरभुरीत होतं, बांधणीचं काम वाढतं. मसूर पटकन शिजते खरी, पण तितक्याच पटकन तिचं वरण होतं, म्हणून ती घ्यायचीच तर अख्खी, सालासकट घ्या. भिजवायच्या पाण्यात लिटरमागे 15 ग्रॅम मीठ टाका. मिठाने दाणे कडक राहतात अशी समजूत आहे, ती उलटी आहे. मिठातलं सोडियम सालातल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ, सारखी शिजते. साल चिवट ठेवतात ते आंबट पदार्थ: टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर. दाणे शिजेपर्यंत यांना भांड्याजवळ फिरकू देऊ नका.

राजम्याबाबत एक गोष्ट मात्र हयगयीची नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. नीट न शिजलेले चार-पाच दाणेही उलट्या आणि जुलाब लावायला पुरतात. भिजवलेलं पाणी फेकून द्या, नवं पाणी घ्या आणि दाणे किमान 10 मिनिटं खळाखळा उकळू द्या, मग आच कमी करून शिजवा. प्रेशर कुकर असेल तर प्रश्नच नाही, तिथे तापमान शंभराच्या वर जातं. मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात मात्र राजमा थेट टाकू नका. तिथे पुरेसं तापमान येत नाही आणि अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधतो.

किती शिजवायचं? दोन बोटांत दाबल्यावर दाणा सहज चेपला पाहिजे, आत खडूसारखा लागता कामा नये, पण भांड्यातला प्रत्येक दाणा अख्खा दिसला पाहिजे. रस्सा दाट व्हायला लागला म्हणजे तुम्ही पुढे गेलात. डबाबंद दाणे वापरायला माझी हरकत नाही. 400 ग्रॅमच्या डब्यातून निथळून 240 ग्रॅमच्या आसपास दाणे मिळतात, म्हणजे दोन डबे लागतील. ते धुवून घ्या आणि मऊ असतात हे लक्षात ठेवून पुढची पायरी जरा लांबवा.

ही पुढची पायरी मी कित्येक वर्षं गाळत होते. शिजलेले दाणे चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा, मग ट्रेमध्ये एका थरात पसरून 175 अंशांच्या ओव्हनमध्ये 15 ते 20 मिनिटं ठेवा. साली उकलल्या आणि दाण्याचा तकतकीतपणा गेला की बाहेर काढा. ओव्हन नसेल तर पसरट कढईत, तेलाशिवाय, मंद आचेवर दोन खेपांत परता आणि ढवळताना हात हलका ठेवा. या एका कामामुळे बर्गर आतून गिळगिळीत राहत नाही. पुढचं सगळं विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका.

धान्यही आदल्या दिवशीच शिजवायचं. शिजून एक कप, म्हणजे साधारण 180 ग्रॅम, हवं. आखूड दाण्याचा ब्राउन राइस सगळ्यात भरवशाचा, कारण तो अंगचाच चिकट असतो. लांब, सडसडीत दाण्याचा तांदूळ मोकळा होतो, त्यामुळे पॅटीतून सुटा होऊन खाली पडतो. बार्ली मस्त चावावी लागते. बारीक बुलगुरवर, म्हणजे आधीच उकडून वाळवलेल्या गव्हाच्या भरडीवर, नुसतं उकळतं पाणी ओतून झाकून ठेवलं तरी भागतं. किन्वा दिसायला निरागस, पण पोटात पाणी धरून बसतो. तो घेतलात तर शिजल्यावर पाच मिनिटं झाकण काढून मंद आचेवर ठेवा. धान्य कुठलंही असो, पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घाला, ताटात पसरून निववा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. गार होताना त्यातला स्टार्च घट्ट बसतो आणि उद्या तोच गोळा धरून ठेवतो. पसरलेला भात ओट्यावर रात्रभर राहू देऊ नका. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्याला पुरून उरतात, उबेला वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तासाभरात फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी वापर, संपलं.

कडधान्यासोबत धान्य का, असं विचारलं की लोक प्रथिनांचं सांगतात. ते खरंच आहे. प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी कडधान्यात मेथिओनिन कमी, धान्यात लायसिन कमी, एकाची उणीव दुसरं भरून काढतं. पण त्यासाठी दोन्ही एकाच घासात यायला हवीत असं नाही, दिवसभरात आली तरी शरीराचा हिशेब जुळतो. बर्गरला धान्य हवं ते दाताला काहीतरी लागावं म्हणून. नुसत्या दाण्यांची पॅटी म्हणजे तळलेला लगदा.

इथे थोडं विषयांतर. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पॉल वेनर यांनी आपल्या रेस्टॉरंटमध्ये उरलेला पुलाव आणि भाज्या एकत्र करून जे रचलं, त्याचाच पुढे गार्डनबर्गर नावाचा बिनमांसाचा बर्गर झाला. त्याच सुमारास, 1982 मध्ये, लंडनमध्ये ग्रेगरी सॅम्स यांनी व्हेजबर्गर नावाने कोरडं मिश्रण विकायला काढलं. पाणी गिऱ्हाइकाने घरी घालायचं! मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते. पाणी घालणं सोपं असतं, काढणंच अवघड.

रात्रीचं शेवटचं काम म्हणजे चवीचा मसाला. एक मध्यम कांदा आणि 150 ग्रॅम मशरूम अगदी बारीक चिरा. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणून मीठ सुरुवातीलाच घाला, पाणी लवकर सुटेल. मग ते सगळं आटेपर्यंत आणि कढई कोरडी आवाज करायला लागेपर्यंत परता. त्यात तीन पाकळ्या लसूण, एक टेबलस्पून टोमॅटो पेस्ट, जिरेपूड आणि स्मोक्ड पॅप्रिका घाला. पेस्टचा रंग विटकरी झाला की एक टेबलस्पून सोया सॉस ओतून तोही आटवा. सोया सॉस नंतर कच्चा घालणारे आहेत. त्यांचे बर्गर ओलसर का होतात ते त्यांनाच विचारा. बीट हवं असेल तर किसून, मुठीत पिळून, मगच कढईत टाका.

सकाळी, म्हणजे जेवणाच्या तीन-चार तास आधी, दाणे कुस्करायला घ्या. काटा किंवा बटाटे कुस्करायचं साधन पुरे. निम्मे दाणे नीट कुस्करा, उरलेले अर्धवट फोडून सोडा. मिक्सर कपाटातच राहू दे. पहिल्या खेपेला मी पाहुणे यायच्या घाईत मिक्सर लावला होता. दहा सेकंदांत चटणी झाली आणि त्या रात्री आम्ही ब्रेडला लावून खाल्ली.

आता दाणे, धान्य आणि मसाला एकत्र करून त्यात अर्धा कप ब्रेडक्रम्स किंवा भरडसर वाटलेले ओट्स घाला. अंडं खात असाल तर एक अंडं. नाहीतर एक टेबलस्पून जवसाची पूड तीन टेबलस्पून पाण्यात दहा मिनिटं ठेवा, ती बुळबुळीत होते आणि तेच काम करते. मिश्रण सैल वाटलं की पीठ ओतायचा मोह होतो. आवरा. दहा-पंधरा मिनिटं थांबा, क्रम्स ओलावा पितात. तरीही सैल असेल तर चमचाभर क्रम्स, पुन्हा थांबा. पिठाने बांधलेला बर्गर बांधलेला राहतो, पण खाताना पिठाळ लागतो. परीक्षा अशी: लिंबाएवढा गोळा मुठीत दाबा. बोटांना ओल लागली तर जास्त ओलं, कडा तडकल्या तर जास्त कोरडं. अंडं घातलं नसेल तर सगळं शिजलेलंच आहे, सरळ चाखून मीठ ठरवा. अंडं असेल तर चमचाभर मिश्रण तव्यावर भाजून चाखा. मीठ एकूण वजनाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास बसतं, त्यात सोया सॉसचं आणि कांद्यातलं धरायचं.

पॅटी 110 ग्रॅमची, दीड ते दोन सेंटिमीटर जाड आणि बनच्या मापाची थापा. मांसाच्या पॅटीसारखी ही आक्रसत नाही, म्हणून मोठी थापण्याची गरज नाही. काठावरच्या भेगा ओल्या बोटाने बुजवा, फुटायला सुरुवात तिथूनच होते. बटर पेपरवर ठेवून किमान अर्धा तास फ्रिजमध्ये, जमलं तर दोन तास.

तव्याचं काम त्यामानाने थोडं आहे. जाड बुडाचा तवा, मध्यम आच, दोन टेबलस्पून तेल, एका बाजूला चार-पाच मिनिटं. मध्ये उचलून बघू नका. उलथन्याला पॅटी चिकटली याचा अर्थ खालची बाजू अजून खरपूस झालेली नाही. एकदाच उलटा. चीज घालायचं तर उलटल्यावर, वर मिनिटभर झाकण. निखाऱ्यावरच्या जाळीवर हे बर्गर ठेवायचा हट्ट असेल तर आधी तव्यावर भाजून घ्या, नाहीतर जाळीखालचे निखारेच जेवतील.

बन मऊ निवडा. कडक पावाचा घास तोडताना पॅटी मागच्या बाजूने बाहेर पळते. आतली बाजू बटर लावून भाजा. टोमॅटोच्या चकत्यांना मीठ लावून कागदावर दहा मिनिटं ठेवा, लेट्युसची पानं धुतल्यावर पुसून कोरडी करा आणि एक पान पॅटीच्या खाली घाला, म्हणजे खालचा बन भिजत नाही.

उरलेल्या पॅटी भाजून, पूर्ण निववून, आधी ताटात सुट्या गोठवा आणि मग मध्ये कागद घालून डब्यात भरा. दोन-तीन महिने टिकतात. खाताना बाहेर काढून वितळवत ठेवू नका, इतक्या कष्टाने काढलेलं पाणी तिथे पुन्हा सुटतं. गोठलेली पॅटी तशीच मंद तव्यावर ठेवा, झाकण घाला आणि शेवटची दोन मिनिटं झाकण काढून आच वाढवा.