चिऱ्याच्या घरात वायफायची रेंज कशी आणायची

गावच्या घरी फायबर आलं तेव्हा सगळ्यात खूश आमची आई, कारण आता मी पंधरा पंधरा दिवस राहून इथूनच काम करणार असा तिचा हिशोब. पण झालं काय, जोडणी करायला आलेल्या पोराने पडवीतून वायर आत घेतली, पहिला स्विचबोर्ड दिसला तिथेच दरवाजामागे राऊटर ठोकला आणि चहा पिऊन गेला. ओटीवर नेट सुसाट, माजघरात एक दांडी, स्वयंपाकघरात तर वायफायचं नावच दिसेना. तुमचं पण असं जांभ्याच्या चिऱ्यांचं घर असेल तर लगेच ऑनलाइन रिपीटर (वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा) मागवू नका, मी मागवला आणि पैसे घालवले.

आधी लाईनचा दोष की रेंजचा ते बघा. लॅपटॉप राऊटरला लॅन केबलने जोडून स्पीड टेस्ट करा, तिथेच स्पीड नसेल तर कंपनीला फोन लावा, राऊटर घरभर नाचवून काही होणार नाही. डब्यावर एलओएसची (सिग्नलच येत नसल्याची) लाल लाईट असेल तर फायबर कुठेतरी तुटलीय नाहीतर दुमडलीय.

लाईन ठीक असेल तर मोजा. दांड्यांवर विश्वास ठेवू नका, अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर टाईपचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या, ते डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं माप) उणे आकडा दाखवतं, शून्याच्या जेवढा जवळ तेवढा चांगला. उणे ५० म्हणजे झकास, उणे ६५ - ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० च्या खाली गेलं की नुसतं गोल गोल फिरत बसतं. फोन घेऊन सगळं घर फिरा आणि खोलीवार आकडे कागदावर लिहा. आमच्याकडे ओटी उणे ४२, माजघर उणे ७१, स्वयंपाकघर उणे ८६.

आता असं का होतं, तर जुन्या चिऱ्याची भिंत फूटभर तरी जाड, बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त, आणि जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसात ओल धरतो, आणि पाणी वायफायच्या लहरी शोषतं. त्यात भिंतीतून सिग्नल तिरका जात असेल तर त्याला आणखी जास्त भिंत पार करावी लागते. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याने भरलेले तांब्या-पितळेचे हंडे, पडवीचे पत्रे, हे सगळं वाटेत आलं की अजून मार बसतो. राऊटर जर ५ गिगाहर्ट्झचा पण असेल तर तो बँड फक्त त्याच खोलीपुरता धरा, स्पीड भारी पण भिंत त्याला अजिबात झेपत नाही, आतल्या खोल्यांसाठी २.४ गिगाहर्ट्झचाच वापरा.

पण याच घरांची एक गंमत आहे. भिंती दगडाच्या असल्या तरी वर माळा लाकडाचा असतो आणि सुक्या फळ्यांमधून रेंज आरामात जाते. आमच्या मधल्या भिंती माळ्याच्या उंचीलाच संपतात, वर सगळं एकच मोकळं. म्हणून मी त्याच पोराला परत बोलावलं आणि राऊटर माजघराच्या बरोबर वर माळ्यावर नेला (फायबर स्वतः ओढू नका, आत काच असते, विजेच्या वायरसारखी दुमडली की गेली). माजघर उणे ७१ वरून उणे ५५ वर आलं, एक पैशाची वस्तू विकत न घेता.

माळ्यावर ठेवताना अँटेनाचं बघा. लोकांना वाटतं टोकातून रेंज निघते, तसं नाही, ती अँटेनाच्या बाजूने गोल पसरते, मेदूवड्याच्या भोकात काडी उभी केली तर काडी म्हणजे अँटेना आणि वडा म्हणजे रेंज. दोन्ही उभ्या ठेवल्या तर माळ्यावरच्या उंदरांना नेट मिळेल, म्हणून एक आडवी करा म्हणजे खाली पण उतरते. अँटेना आत असतील तर डबाच उभा-आडवा करून आकडा बघा. कौलं गळत असतील त्याच्या खाली नको, आणि एप्रिल-मे मध्ये वर जाम तापतं, डबा भिंतीपासून जरा मोकळा ठेवा.

एवढं करून पण मागची खोली किंवा मांगर (घराबाहेरची शेतीसामानाची खोपी) राहिलाच तर दुसरा उपाय लॅन केबल. बहुतेकांच्या घरी जुना राऊटर धूळ खात पडलेला असतो, तोच वापरा. त्याला एकट्याला लॅपटॉपशी जोडून सेटिंगमध्ये जा, त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा नंबर) बदलून मोठ्या राऊटरच्याच मालिकेतला पण वेगळा द्या (मोठा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२), डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना असे पत्ते वाटायची सोय) बंद करा, वायफायचं नाव आणि पासवर्ड मोठ्यासारखाच ठेवा, चॅनल मात्र वेगळा, एकाला १ तर दुसऱ्याला ६ किंवा ११. मग कॅट ६ प्रकारची लॅन केबल मोठ्याच्या लॅन पोर्टमधून आणून जुन्याच्या पण लॅन पोर्टमध्येच घाला, वॅनमध्ये (बाहेरचं नेट आत यायचं पोर्ट) नाही, इथेच सगळे चुकतात. १०० मीटरपर्यंत केबल चालते, घरात तेवढी लागतच नाही. आणि पीव्हीसी पाईपातूनच न्या, आमची पहिली केबल उंदरांनी महिन्याभरात कुरतडली.

रिपीटर अगदी शेवटी. स्वस्तातला रिपीटर ज्या बँडवर ऐकतो त्याच बँडवर परत बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्म्यावर येतो. घेतलाच तर जिथे रेंज नाही तिथे लावू नका, माझी चूक तीच होती, त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नव्हतं तर तो पुढे काय सांगणार. जिथे अजून उणे ६५ च्या आसपास आकडा आहे तिथे अर्ध्या वाटेवर लावा.

वळवाचा पाऊस सुरू झाला, गडगडायला लागलं, की राऊटरचा अ‍ॅडॅप्टर बोर्डातून काढायचा. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही पण लाईटच्या बोर्डातून येते, आणि मांगरापर्यंत लॅन केबल बाहेरून नेली असेल तर तिच्यातून पण, ती दोन्ही टोकांना काढा. लाईट जाते त्यासाठी छोटा राऊटर यूपीएस मिळतो, फक्त घेताना अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून मगच घ्या, बरेचसे १२ व्होल्टचे असतात पण ९ चे पण निघतात.