धरणातल्या बोटीला जस्ताचा ॲनोड कामाचा नाही

ॲनोड म्हणजे बोटीच्या इंजिनाला बसवलेला धातूचा तुकडा, जो स्वतः झिजून बाकीचे धातू वाचवतो. दोन वर्षं पाण्यात राहूनही तो नव्यासारखा दिसत असेल, तर समाधान मानू नका. तो काम करत नाहीये आणि त्याच्याऐवजी गिअरकेस, म्हणजे इंजिनाचा पाण्यात बुडणारा खालचा गिअरचा भाग, झिजते आहे.

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे टांगलेल्या इंजिनाची गिअरकेस ॲल्युमिनियमची, शाफ्ट स्टेनलेसचा, कधी पंखाही स्टेनलेसचा. हे एकमेकांना जोडलेले धातू पाण्यात बुडाले की त्यांचा बॅटरीसारखा सेल तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम खपतं. ॲनोडनं गिअरकेसच्या आधी झिजायचं असतं. पण गोसेखुर्द किंवा इटियाडोह धरणाच्या गोड्या पाण्यात जस्तावर कडक पांढरा थर चढतो आणि ॲनोड निकामी होतो. इथं मॅग्नेशियमचाच ॲनोड बसवा. इंजिनाचा मॉडेल नंबर सांगून मागा. गोसेखुर्दात नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी येतं. पाण्यात क्षार वाढले की मॅग्नेशियम लवकर संपतं, म्हणून तिथं दर महिन्याला बघाच.

बदलताना आधी बॅटरीची वायर काढा. पंख्याच्या वर, मागच्या बाजूला शेपटीसारखा असतो तो ट्रिम टॅब. बऱ्याच इंजिनांत तोच ॲनोड असतो. काढण्याआधी त्याचा कोन मार्करनं आखून ठेवा, नाहीतर बोट एका बाजूला ओढते. इंजिन बोटीला धरणाऱ्या ब्रॅकेटखालचाही ॲनोड तपासा. बसायची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत घासा. रंग किंवा गंज मध्ये राहिला तर नवा ॲनोडही फुकट. बोल्ट कसल्यावर मल्टिमीटरची एक सळई ॲनोडला, दुसरी गिअरकेसच्या उघड्या धातूला लावा. रीडिंग १ ओहमच्या आत हवं. ॲनोडला रंग मात्र कधीच लावू नका. बोट रंगवताना तोही रंगवून टाकतात, आणि संरक्षण तिथंच संपतं.

अर्धा झिजला की बदला. गिअरकेसवर रंगाला फोड आले, खाली पांढरी भुकटी दिसली, तर घासून प्रायमर आणि रंग लावा. तांबं असलेला शेवाळरोधक रंग ॲल्युमिनियमच्या गिअरकेसला लावू नका, तोच तिला खातो.

सगळं बरोबर असूनही ॲनोड आठवड्यात संपत असेल, तर बॅटरीचा करंट पाण्यात गळतोय. बोटीच्या तळातल्या पंपाची वायर आणि तिचे जोड आधी बघा. बोट बांधून घरी जाताना मेन स्विच बंद करा आणि इंजिन पूर्ण वर उचला.

हीच बोट कोकणात न्यायची झाली, तर मॅग्नेशियम काढून ॲल्युमिनियमचा ॲनोड लावा. खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम भराभर विरघळतं.