रस्त्यावरचं पिल्लू घरी आणलंत? मग या चुका टाळा

मांजरीची पिल्लं साधारण मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत सापडत राहतात, कुत्र्यांची बहुतेक थंडीत. दरवर्षी पिल्लं नवी, उचलणारी माणसं नवी आणि चुका मात्र जुन्याच. उचलणाऱ्याच्या मायेबद्दल शंका नाही. घाई नडते.

गारठलेल्या पिल्लाला आधी दूध पाजणं

सगळ्यात जास्त पिल्लं या एका चुकीने जातात. प्रसंग नेहमीचाच. जुलैची रात्र, पार्किंगमध्ये भिजलेलं आठ-दहा दिवसांचं मांजरीचं पिल्लू. घरी आणून टॉवेलने पुसतात आणि लगेच कोमट दूध आणि ड्रॉपर. पिल्लू ओढत नाही म्हणून त्याला बाळासारखं उताणं धरून तोंडात दूध सोडतात. थोड्या वेळाने नाकातून दुधाचे बुडबुडे येतात, पोट टम्म फुगतं आणि सकाळी पिल्लू गेलेलं असतं. घरचे म्हणतात, "फार उपाशी होतं बिचारं, उशीर झाला." उशीर झालेला नसतो, क्रम चुकलेला असतो.

एवढ्या लहान पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. अंगाचं तापमान ९५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की आतड्यांची हालचाल मंदावते. पाजलेलं दूध पुढे सरकत नाही, आतच नासतं. गिळायची ताकद नसल्यामुळे त्यातलं थोडं श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो.

म्हणून आधी ऊब. करंगळी पिल्लाच्या तोंडात घालून पाहा. तोंड आतून गार लागलं आणि पिल्लू बोट चोखत नसेल, तर दुधाला हात लावू नका. खोक्याच्या अर्ध्या भागात टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवा. अर्धा भाग मोकळा हवा, म्हणजे पिल्लाला उकडलं तर बाजूला सरकता येतं. पिशवी नसेल तर गरम पाणी भरलेली बाटली मोज्यात घाला. अंग तासा-दोन तासांत हळूहळू गरम होऊ द्या. हेअर ड्रायरचा झोत किंवा उघड्या बल्बखाली भाजणं हे उपाय त्याहून वाईट. तोवर साखरेच्या पाण्याचा एखादा थेंब हिरड्यांना चोळा, तेवढं पुरे. तरीही हालचाल दिसली नाही तर वेळ न घालवता डॉक्टर गाठा.

अंग गरम झालं आणि बोट चोखायला लागलं की मग दूध. पिल्लू पोटावर, मान किंचित वर, आई पाजते तसं. सुई काढलेल्या १ किंवा २ मिलीच्या सिरिंजने थेंब थेंब. एका वेळी १०० ग्रॅम वजनाला ४ मिलीपर्यंत, पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. रात्री उठणं जमणार नसेल तर ज्याला जमेल त्याच्याकडे पिल्लू द्या. त्यात कमीपणा नाही.

आणि गाईचं दूध? कुत्रीच्या किंवा मांजरीच्या दुधाच्या निम्मीही प्रथिनं त्यात धड नसतात. लोक ते "पचायला हलकं" म्हणून पाणी घालून आणखी पातळ करतात. पिल्लू पोटभर पिऊनही उपाशी राहतं, वर जुलाब. मध्यरात्री दुकानं बंद असतील तर एक रात्र पाणी न घालता थोडं थोडं पाजून निभावता येतं, पण सकाळची पहिली खरेदी मिल्क रिप्लेसर, म्हणजे आईच्या दुधाऐवजी पिल्लांना पाजायचं तयार दूध. सेरेलॅक तर अजिबात नको.

पाजून झाल्यावर कोमट ओल्या कापसाने खालची बाजू हलकेच पुसा. साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-लघवी करता येत नाही. हे माहीत नसल्यामुळे पोट फुगलेली कितीतरी पिल्लं डॉक्टरांकडे येतात.

स्वयंपाकघरातला वजनकाटा रोज एकाच वेळी वापरा. मांजरीच्या पिल्लाचं वजन दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर. "खेळतंय की" हे उत्तर चालणार नाही.

आई येते का, ते न पाहताच उचलणं

पिल्लू कोरडं, गुबगुबीत आणि गप्प झोपलेलं असेल तर आई जवळपासच असते. लांब उभं राहून दोन तास तरी वाट पाहा. थांबता येत नसेल तर भोवती पिठाची पातळ रेघ ओढून जा. तुम्ही परत याल तेव्हा, आई येऊन गेली असेल तर तिची पावलं उमटलेली दिसतात. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही समजूत खोटी आहे.

नवं पिल्लू थेट घरच्या कुत्र्याजवळ सोडणं

पार्व्हो म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणारा जीवघेणा, संसर्गजन्य विषाणूचा आजार. तो झालेलं पिल्लू पहिले तीन ते सात दिवस, कधी त्याहून जास्त, अगदी ठणठणीत दिसू शकतं. म्हणून नव्या पिल्लाला दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळं अंथरूण. त्याचं काम शेवटी करा आणि चपला त्या खोलीच्या दाराशीच ठेवा.

लोक फिनेलने फरशी पुसून निर्धास्त होतात. फिनेलने पार्व्हो मरत नाही, उलट मांजर पंजे चाटते तेव्हा ते तिच्या पोटात जातं. आधी साबणाने सगळी घाण धुवा, मग १ भाग ब्लीच ३० भाग पाण्यात घालून दहा मिनिटं ओलं राहू द्या. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. अंगणातल्या मातीत विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, आणि माती ब्लीचने धुता येत नाही. ज्या घरी पार्व्होने पिल्लू गेलंय, तिथे वर्षभर लसीचे डोस पूर्ण झालेलंच कुत्रं आणा.

लस सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. एका डोसवर बागेत फिरवायला नेण्याची घाई जिवावर बेतते. उलट्या आणि घाण वासाचे रक्ताळ जुलाब दिसले तर दही-भाताने बरं वाटायची वाट पाहू नका. पिल्लू शरीरातलं पाणी कमी होऊन जातं, त्याला सलाईन लागतं.

आणखी काही

मांजरीला क्रोसिन किंवा कोणतंही पॅरासिटामॉल देऊ नका; एक गोळी जीव घेऊ शकते.

कुत्र्याची पिसवांची पावडर किंवा मानेवर टाकायचे थेंब मांजरीला लावू नका. त्यातलं पर्मेथ्रिन तिच्यासाठी विष आहे. लहान पिल्लाच्या पिसवा बारीक दातांच्या फणीने काढून साबणाच्या पाण्यात टाका.

पहिल्या दिवशी अंघोळ नको. जंताचं औषध वजनावरच द्या, अंदाजाने नाही.

जखमेत अळ्या दिसल्या की टर्पेंटाइन ओतायची पद्धत सोडा. जनावर तडफडतं, मांजरीला त्याची विषबाधा होते. केस कापून, सलाईनने धुऊन, चिमट्याने एकेक अळी काढणं हे डॉक्टरांचं काम आहे.

"पिल्लूच तर आहे" म्हणून चावा सोडून देणं

पिल्लालाही रेबीज होतो. दात लागला, ओरखडा उठला किंवा फुटलेल्या कातडीला लाळ लागली, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना. नेहमी रेस्क्यू करणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून आधीच प्रतिबंधक लस घ्यावी. ती ०, ७ आणि २१ किंवा २८व्या दिवशी देतात. ती घेतली असली तरी चावल्यावर पुढचे डोस लागतातच. चावलेलं पिल्लू मध्येच मेलं किंवा पळून गेलं तर डॉक्टरांना लगेच कळवा आणि डोस अर्धवट सोडू नका.