रिट्रीव्हर फील्ड ट्रायलसाठी कुत्रा कसा तयार करावा

पाडलेला पक्षी शोधायचा आणि न चावता मालकाच्या हातात आणून द्यायचा, हे रिट्रीव्हर जातींचं काम. अमेरिकेत या कामाच्या स्पर्धा, म्हणजेच फील्ड ट्रायल, १९३१ पासून होतात. पहिली न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टरला झाली. तिथे हंट टेस्टही असते, पण ती नुसती परीक्षा आहे: ठरलेल्या पातळीला उतरतील ते सगळे पास. फील्ड ट्रायलमध्ये मात्र क्रमांक लागतात, अंतरं लांब असतात आणि बहुतेक बक्षिसं लॅब्रॅडॉर घेऊन जातात.

कुत्र्याच्या वाट्याला दोन प्रकारची कामं येतात. ‘मार्क’मध्ये पक्षी पडताना तो स्वतः बघतो आणि जागा लक्षात ठेवून आणायला जातो. ‘ब्लाइंड’मध्ये पक्षी कुठे आहे हे फक्त हँडलरला, म्हणजे कुत्रा चालवणाऱ्या माणसाला माहीत असतं, तो शिट्टी आणि हातांच्या खुणांनी कुत्र्याला तिथवर नेतो. नवख्या माणसाला ब्लाइंडचा मोह फार. माझं मत उलट आहे: पहिलं वर्ष मार्कवर घालवा.

त्याआधी पाया. ‘बस’, ‘शेजारी चल’, ‘ये’ एवढं पक्कं हवं. एक शिट्टी वाजली की आहे तिथे बसून तुमच्याकडे बघायचं, ही सवय जेवणाच्या ताटलीपाशीच लावता येते. पिल्लासाठी घरातल्या बोळात तीन-चार वेळा डमी (पक्ष्याऐवजी फेकायची सरावाची वस्तू) फेकणं पुरे. त्याला अजून हवं असतानाच थांबा.

मग मैदान. पांढरा कोट घातलेला मदतनीस लांब उभा करा. त्याने आधी ओरडून लक्ष वेधावं आणि मगच पांढरी डमी उंच फेकावी. गवत आखूड हवं. कुत्रा बेधडक जाऊ लागला की डमी तिथेच पडू द्या आणि तुम्ही मागे सरका. अंतर वाढतं, जागा ओळखीची राहते, त्यामुळे हिंमत टिकते. सापडलं नाही तर मदतनिसाने हाक मारावी किंवा दुसरी डमी फेकावी. तुम्ही शिट्टी वाजवू नका. दरवेळी तुम्हीच सोडवलंत, तर तो शोधायचं सोडून मागे वळून तुमच्याकडे बघायला लागतो.

खरी गंमत इथून पुढे. आडवा वारा असला की कुत्रा वाऱ्याबरोबर सरकतो, उतारावर खाली घसरतो, झुडपं किंवा चर आला की वळसा घालतो. परीक्षक नेमक्या याच गोष्टी वापरून मार्क मांडतात. म्हणून सरावात एका वेळी एकच अडचण घ्या: आज फक्त वारा, उद्या फक्त उतार.

दोन पक्ष्यांच्या मार्कमध्ये कुत्रा बहुधा शेवटी पडलेला आधी आणतो आणि पहिला आठवणीवर. तो आठवणीचा पक्षी आधी एकटाच करून घ्या, मग जोडीने.

ब्लाइंडसाठी बेसबॉलच्या मैदानासारखी मांडणी करतात. कुत्रा मध्ये, डमी डावीकडे, उजवीकडे आणि मागे. हात जिकडे, तिकडे त्याने जायचं. इथे डमी नारिंगी वापरा. गवतात ती कुत्र्याला सहज दिसत नाही, त्यामुळे तो डोळ्यांपेक्षा तुमच्या हातावर विसंबतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या रेक्स कार यांच्यानंतर इलेक्ट्रिक कॉलरचं (विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्याचं) प्रशिक्षण रुळलं. नवख्याने मात्र जाणकार शेजारी असल्याशिवाय ती हातात घेऊ नये, आणि जी आज्ञा कुत्र्याला अजून कळलेलीच नाही तिच्यासाठी तर कधीच नाही.

पाण्यात कुत्रे लबाडी करतात: काठाने धावत जाऊन पोहणं टाळतात. अरुंद पाण्यापलीकडे सरळ समोर फेकून सुरुवात करा. तिरपा प्रवेश सावकाश शिकवा.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पक्ष्यांची शिकार करता येत नाही, तेव्हा पुण्या-नाशिकच्या लॅब्रॅडॉरसाठी सराव डमीवरच. तोही सकाळी लवकर. या जातीला ऊन सोसत नाही.

स्पर्धेत पहिला वर्ग डर्बी. दोन वर्षांच्या आतले कुत्रे आणि फक्त मार्क, म्हणजे वर सांगितलेल्या पहिल्या वर्षाची थेट परीक्षा. त्यानंतर क्वालिफाइंग, मग हौशींचा आणि खुला वर्ग. परीक्षक दोन असतात. आधी गुणांशिवाय एक चाचणीचा कुत्रा धावतो; त्याच्याकडे नीट बघा, वारा त्याला कुठे ओढतो ते कळेल. कुत्रा सोडायच्या रेषेवर आलात की कुत्र्याचा पाठकणा एकेका फेकणाऱ्याकडे वळवून प्रत्येक जागा त्याला दाखवा. पक्षी सुटायची खूण द्यायची घाई करू नका. परीक्षकाने तुमचा क्रमांक पुकारल्यावरच कुत्र्याचं नाव घ्या. मोठ्या वर्गांत त्याआधी सुटलेला कुत्रा बाद होतो. मार्कवर तो घुटमळू लागला तर शिट्टी खिशात ठेवा. पडल्या जागेच्या आसपास नेटाने हुंगत असेल, तर त्याला वेळ द्या. हाताच्या खुणांनी कुत्रा फिरवून आणलेला पक्षी गुणांना महाग पडतो. पण तो पार दुसऱ्याच फेकणाऱ्याकडे निघाला, तर मात्र शिट्टी वाजवा.