पुठ्ठ्याचा मोबाइल स्टँड: मुलांना डिझाइन कसं शिकवावं

अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना डिझाइन आणि तंत्रज्ञान शिकवताना मी बरीच वर्षं एक घोडचूक करत होतो. स्वतः बनवलेला सुबक नमुना आधीच टेबलावर मांडून ठेवायचो. तास संपेपर्यंत वर्गभर त्याच्याच नकला, निम्म्या जरा वाकड्या. हात चालायचे, डोकं मात्र स्वस्थ.

म्हणून आधी नमुना कपाटात ठेवा आणि मुलांना अडचण सांगा: दोन्ही हात कामात असताना मोबाइलचा पडदा दिसला पाहिजे. अटी दोनच. ए-४ कागदाएवढा खोक्याचा पुठ्ठा मिळेल. डिंक आणि टेप मिळणार नाही. ही दुसरी अट फार कामाची आहे, कारण मग खाचेत खाच अडकवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

मग प्रत्येकाने एका माणसाला विचारून यायचं: मोबाइल उभा लागतो की आडवा? चार्जरची वायर कुठून जाते? त्यानंतर 10 मिनिटांत तीन कच्ची चित्रं काढायची. खोडरबर गोळा करून घ्या, नाहीतर पहिलंच चित्र घासत बसतात.

खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच हवी. एका तुकड्याची जाडी पट्टीवर नीट मोजता येत नाही. 10 तुकडे एकावर एक रचून, न दाबता मोजा आणि 10 ने भागा. कापताना खाली जाड पुठ्ठा, कडेला स्टीलची पट्टी. एकदाच जोर लावण्यापेक्षा कटर तीन-चारदा हलका फिरवायचा आणि पट्टी धरलेली बोटं पात्याच्या वाटेत येऊ द्यायची नाहीत.

चाचणीला खरा मोबाइल नको. त्याच आकाराची, 200 ग्रॅमच्या आसपास वजनाची लाकडी फळी पुरते.

पहिले स्टँड पडणारच. पडू द्या. एका मुलीचा स्टँड हळूहळू पाठीत वाकला. "सर, पुठ्ठाच खराब आहे." मी त्याच पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या तिच्या हातात दिल्या, एक पन्हळींच्या, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी थरातल्या नळ्यांच्या, दिशेने कापलेली, दुसरी आडवी. तिने दोन्ही वाकवून पाहिल्या. आडवी लगेच दुमडली, दुसरी ताठच. काही न बोलता तिने पुठ्ठा काटकोनात फिरवला आणि पाठ नव्याने आखली. मी आधीच फळ्यावर लिहून दिलं असतं, तर तिने वहीत उतरवून घेतलं असतं, एवढंच.

दुसऱ्या खेपेला मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा. कोन, खाच आणि पाया एकदम बदलला, तर कशाने जमलं ते कळत नाही.

गुण देताना मोडका स्टँडही समोर ठेवायला लावा आणि सोबत तीन ओळी: काय मोडलं, का मोडलं, काय बदललं. निम्मे गुण या तीन ओळींना. सुबकपणाला मी फारच थोडे देतो. काही पालकांना ते पटत नाही.

आणि तास संपल्यावर कटर मोजून घ्या, मुलं दाराबाहेर पडायच्या आधी.