पुढच्या वर्षीच्या पदपथासाठी या पावसाळ्यातली तयारी

पुणे महापालिकेच्या सहभागी अर्थसंकल्पाचे, म्हणजे नागरिकांनी सुचवलेली कामे अंदाजपत्रकात घेण्याच्या योजनेचे, अर्ज निघाले की बहुतेक जण घाईघाईत एक ओळ लिहून देतात: 'आमच्या भागातील पदपथ दुरुस्त करावा.' माझा पहिला अर्ज असाच होता आणि तो पुढे सरकला नाही. सरकणार तरी कसा? कुठला पदपथ, कुठून कुठपर्यंत, किती मीटर, यातले काहीच मी लिहिले नव्हते. त्या ओळीवरून कुठल्याही कनिष्ठ अभियंत्याला एस्टिमेट काढता आले नसते. नितीन करीर आयुक्त असताना, २००६ मध्ये, पुण्याने अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून थेट कामे मागवायला सुरुवात केली. इतकी चांगली सोय अर्धवट अर्जांमुळे वाया जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून ही तयारी अर्ज निघण्याची वाट न पाहता, भर पावसातच सुरू करायची.

पहिले काम छत्री घेऊन बाहेर पडण्याचे. पाणी कुठे तुंबते, कुठल्या चेंबरमधून उलटे वर येते, शाळेची मुले पदपथ सोडून रस्त्यावर कुठे उतरतात, हे जुलै-ऑगस्टमध्येच दिसते. मार्चमध्ये तीच जागा कोरडी आणि निर्दोष वाटते. फोटो काढताना मागे दुकानाची पाटी, विजेच्या खांबाचा क्रमांक किंवा सोसायटीचे फाटक येऊ द्या. नुसत्या खड्ड्याचा फोटो शहरातल्या कुठल्याही खड्ड्याचा असू शकतो. एकाच जागेचे दोन फोटो घ्या, एक पाऊस चालू असताना आणि दुसरा पाऊस थांबल्यावर दोन तासांनी. दोन तासांनंतरही पाणी हललेले नसेल, तर दुखणे बहुधा उताराचे किंवा पावसाळी गटाराचे असते. अशा वेळी वरचे ब्लॉक बदलून उपयोग नाही, आणि ते काम पथ विभागाऐवजी मलनिस्सारण विभागाचे ठरते.

मग मोजणी. यावर वेळ घालवा, कारण सगळा अर्ज त्यावर उभा राहतो. पन्नास मीटरची फीत, दोन-तीन शेजारी आणि वर्दळ नसलेली रविवारची सकाळ एवढे पुरते. लांबी एकदा मोजली की झाले, पण रुंदी दर दहा मीटरवर घ्या. पदपथ कागदावर दोन मीटरचा असला तरी झाडाचा पार, फीडर पिलर (विजेची पेटी), बसथांबा आणि टपरी वगळून चालायला उरलेली जागाच खरी रुंदी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत निवासी भागात ही मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असे सांगितले आहे. आमच्याकडे मोजले तेव्हा एका ठिकाणी कडा गुडघ्याच्या जवळ पोचत होती. समोरच्या इमारतीतल्या आजी वॉकर घेऊन रस्त्यावरून का चालतात, हे त्या दिवशी आकड्यात कळले. त्या आजींना किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या कुणाला मोजणीच्या दिवशी बरोबर घ्या. चढ-उतरण्यासाठी उतार (रॅम्प) कुठे हवा, ते त्यांच्याइतके नेमके कुणी सांगत नाही. शेवटी एका कागदावर हातानेच नकाशा काढा: सुरुवातीची खूण, शेवटची खूण, मधली फाटके, झाडे, चेंबर. 'अमुक चौकापासून शाळेच्या फाटकापर्यंत, डावी बाजू, १२० मीटर गुणिले १.८, म्हणजे २१६ चौरस मीटर' एवढे लिहिले की तुमची नुसती तक्रार राहत नाही, ती करण्याजोगे काम बनते.

जागा कोणाची, हे मोजणीनंतर लगेच पाहा. रस्ता सोसायटीच्या लेआउटमधला असून महापालिकेकडे हस्तांतरित झालेला नसेल, तर अर्ज तिथेच अडकतो. बाह्यवळण महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा आहे, आणि पुणे व खडकी कटक मंडळांचे (कॅन्टोन्मेंट बोर्डांचे) रस्ते त्या-त्या मंडळांचे. २०१७ आणि २०२१ मध्ये हद्दीत आलेल्या गावांत, म्हणजे धायरी, सूस, म्हाळुंगे अशा ठिकाणी, जास्त काळजी घ्यावी लागते. तिथे वर्षानुवर्षे वापरातला रस्ताही सातबाऱ्यावर अजून कुणाच्या शेतातून जात असतो. क्षेत्रीय कार्यालयात विकास आराखड्याचा नकाशा दाखवायला सांगा.

जमिनीखाली काय चालले आहे, हेही विचारून घ्या. समान पाणीपुरवठा योजनेची जलवाहिनी, महावितरणची केबल किंवा गॅसची वाहिनी त्या पट्ट्यात टाकायची बाकी असेल, तर आधी ते काम आणि मग पदपथ. नवा पदपथ दोन महिन्यांत पुन्हा उखडलेला पाहण्यापेक्षा एक वर्ष थांबलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पैसे. या योजनेत एका कामाची मर्यादा बराच काळ ५ लाख रुपयांची राहिली आहे. तुमच्या वर्षीचा आकडा अर्जावरच बघा आणि काम त्यात बसवा. कामांचे दर ठरलेल्या सरकारी दरसूचीवरून, म्हणजे डीएसआरवरून काढतात. ब्लॉक चौरस मीटरवर, कडेचे दगड रनिंग मीटरवर (नुसत्या लांबीवर), खोदाई घनमीटरवर. कनिष्ठ अभियंत्याला भेटून तुमची मापे दाखवा आणि ढोबळ रक्कम विचारा. मापे तयार असली की दहा मिनिटांत अंदाज मिळतो. १८ टक्के जीएसटी त्यात धरला आहे ना, तेही विचारा, कारण करासह ५ लाख म्हटले तर सुमारे ७६ हजार करातच जातात. रक्कम वर गेली तर सगळे काम थोडे-थोडे करा, असे म्हणू नका. शाळेसमोरचे साठ मीटर पूर्ण मागा आणि उरलेले पुढच्या वर्षी. पूल, भूसंपादन, मोठी नालाबांधणी यांसाठी ही वाट नाही. पदपथ, पथदिवे, बसथांबा, बागेतली बाके, सार्वजनिक शौचालय अशी कामे इथे शोभतात.

अर्ज भरणे त्यामानाने सोपे. एका अर्जात एकच काम, सोबत नकाशा आणि फोटो, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचे नाही. ऑनलाइन भरला तर क्रमांक लिहून ठेवा.

खरी परीक्षा अर्ज दिल्यानंतर असते, आणि इथे बहुतेक जण थकतात. छाननी क्षेत्रीय कार्यालयात होते, तिथून यादी प्रभाग समितीपुढे जाते. नगरसेवकाला त्याआधी भेटा, वीस-पंचवीस रहिवाशांच्या सह्या घेऊन. मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षे सभागृहच नव्हते, सगळे प्रशासकाच्या हातात होते. तेव्हा अर्जदाराला बाजू मांडायला लोकनियुक्त माणूसच नव्हता. तो असण्याचा उपयोग करून घ्या. पण तुमचे काम त्याच्या 'स' यादीत, म्हणजे नगरसेवकाने सुचवलेल्या कामांच्या यादीत, गेले की सहभागी अर्थसंकल्पात, हे नक्की विचारा, कारण पुढे शोधताना दोन्हींची पाने वेगळी असतात.

अंदाजपत्रकाचे पुस्तक महापालिकेच्या संकेतस्थळावर येते. त्यात आपले काम शोधून त्याचा बजेट कोड आणि तरतूद वहीत उतरवा. एप्रिलनंतर हा कोड सांगितला की अभियंताही लगेच फाइल काढतो. पावसाळ्यात खोदाई बंद असते, त्यामुळे निविदा तोवर निघून ऑक्टोबरला काम सुरू व्हावे यासाठी जूनपासूनच विचारत राहा. उशीर झाला की दोन धोके. एक वर्गीकरण, म्हणजे वर्षाच्या मध्यात एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवणे. स्थायी समितीच्या विषयपत्रिकेत आपला कोड दिसतो का, ते दर वेळी पाहा. दुसरा ३१ मार्च. त्या दिवशी न वापरलेली तरतूद संपते.

विचारूनही उत्तर मिळाले नाही, तर माहितीचा अधिकार आहेच. १० रुपयांचे शुल्क, एकच विषय, आणि महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे १५० शब्दांत अर्ज; उत्तर ३० दिवसांत. एस्टिमेट, कार्यादेश आणि झालेल्या कामाची मापे नोंदवणाऱ्या मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागा.

काम सुरू होईल त्या दिवशी तीच फीत पुन्हा बाहेर काढा. ब्लॉक बसण्याआधी खालचा काँक्रीटचा थर एस्टिमेटइतका आहे का, ते तेव्हाच मोजता येते, नंतर नाही. काम संपल्यावर कार्यादेशातला दोषदायित्वाचा कालावधी बघून त्याची शेवटची तारीख सोसायटीच्या फलकावर ठळक लिहा, कारण त्या तारखेपर्यंत ब्लॉक खचले तर ठेकेदाराला ते स्वखर्चाने बसवून द्यावे लागतात.